नागीण नव्हे, हर्पीस

रहाटणी फाट्यावरून काळेवाडीकडे निघा किंवा पिंपळे सौदागरकडे, थोड्या थोड्या अंतरावर औषधाचे दुकान लागते. कारखान्यांची पाळी सुटली की या दुकानांत गर्दी होते आणि त्या गर्दीत एखादा तरुण बाजूला उभा राहून गिऱ्हाईक कमी होण्याची वाट पाहत असतो. मग हळू आवाजात तो ‘खाज-जळजळीवरचे मलम’ मागतो. कुठे लावायचे हे तो सांगत नाही, दुकानदारही विचारत नाही. हाती पडते ती बहुधा तीन-चार औषधे एकत्र केलेली ट्यूब : बुरशीवरचे एक, जंतूंवरचे एक आणि जोडीला स्टिरॉइड. लावल्यावर दोन दिवस आग कमी झाल्यासारखी वाटते, फोड मात्र पसरतात. पुढे आठ-दहा दिवसांत ते आपोआप सुकतात आणि श्रेय ट्यूबला जाते. दोन-तीन महिन्यांनी त्याच जागी पुन्हा मुंग्या येतात, पुन्हा फोड आणि पुन्हा तीच ट्यूब.

असा माणूस सरकारी रुग्णालयाच्या त्वचा व गुप्तरोग विभागात पोहोचतो तो चौथ्या-पाचव्या खेपेला. बहुधा लग्न ठरल्यावर, नाहीतर बायकोला तोच त्रास सुरू झाल्यावर. त्याला झालेला आजार जगातल्या सर्वांत सामान्य लैंगिक संसर्गांपैकी एक आहे. जिवाला धोका जवळजवळ नाही, औषध स्वस्त आहे, निदानही बऱ्याचदा सोपे असते. तरीही या आजाराने जितके संसार हादरतात तितके त्याहून गंभीर आजारांनीही हादरत नाहीत. कारण फोडांपेक्षा फोडांविषयीचे गैरसमज जास्त चिघळलेले असतात.

पहिला घोळ नावापासूनच सुरू होतो. डॉक्टरांनी ‘हर्पीस’ म्हटले की समोरून प्रश्न येतो, ‘म्हणजे नागीण का?’ मराठीत ज्याला नागीण म्हणतात तो हर्पीस झोस्टर. लहानपणी कांजिण्या होऊन गेल्या की त्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या मुळाशी दडून बसतो आणि पुढे कधीतरी अंगाच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे फोड आणतो. नागिणीचे तोंड आणि शेपूट जुळले की माणूस दगावतो, ही समजूत आणि फोडांवर गेरूचा लेप देण्याची रीत अजूनही गावोगाव आहे. पण नागिणीचा लैंगिक संबंधांशी काही संबंध नाही. जननेंद्रियावरचे फोड आणणारा विषाणू त्याच कुळातला असला तरी वेगळा आहे. त्याचे नाव हर्पीस सिम्प्लेक्स, थोडक्यात एचएसव्ही. म्हणूनच हल्ली उपलब्ध असलेली नागिणीची लस जननेंद्रियाच्या हर्पीसवर उपयोगी पडत नाही.

गंमत अशी की नावांच्या मुळाशी साप दोन्हीकडे आहे. ‘हर्पीस’ हा शब्द सरपटणे या अर्थाच्या ग्रीक क्रियापदावरून आला आणि भाषाशास्त्रज्ञांच्या मते ते क्रियापद आणि आपला ‘सर्प’ एकाच मुळातून निघाले. कातडीवर सरपटत पसरणारे फोड पाहून ग्रीकांना जे सुचले तेच मराठी माणसाला ‘नागीण’ म्हणताना सुचले.

ओठावरचा आणि कमरेखालचा

हर्पीस सिम्प्लेक्सचे दोन प्रकार आहेत. पहिला, एचएसव्ही-१, मुख्यतः ओठांवर येतो. ताप येऊन गेल्यावर ओठाच्या कडेला बारीक पाणीदार फोडांचा पुंजका उठतो आणि घरात ‘ताप बाहेर पडला’ म्हणतात, तोच हा. तो बहुधा लहानपणीच, घरातल्या कुणाच्या पाप्यांतून मिळालेला असतो. (‘तोंड येणे’ म्हणजे गालाच्या आतून किंवा जिभेवर येणारे पांढरे व्रण, ते वेगळे, त्यांचा हर्पीसशी संबंध नाही.) दुसरा, एचएसव्ही-२, जवळजवळ नेहमी लैंगिक संबंधातूनच येतो आणि कमरेखाली राहतो. मात्र पहिला प्रकारही मुखमैथुनातून जननेंद्रियावर पोहोचतो आणि जगभर त्याचे प्रमाण मोठे आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार १५ ते ४९ या वयोगटातल्या सुमारे ८४ कोटी ६० लाख लोकांना जननेंद्रियाच्या हर्पीसचा संसर्ग आहे, म्हणजे या वयातल्या पाचांपैकी एकाहून जास्त. त्यांपैकी सुमारे ५२ कोटींना दुसऱ्या प्रकारचा विषाणू आहे. दरवर्षी सुमारे ४ कोटी २० लाख नव्या लोकांना संसर्ग होतो, म्हणजे सेकंदाला एकापेक्षा जास्त. यांतल्या बहुसंख्य लोकांना आपल्याला काही झाले आहे हे ठाऊकच नसते. फोड आलेच तर ते इतके किरकोळ असतात की घामोळे, घर्षण, ‘अंगातली उष्णता’ म्हणून सोडून दिले जातात. सब्जा आणि धण्याचे पाणी पिऊन ‘उष्णता उतरली’ असे वाटते, कारण फोड तसेही उतरणारच असतात.

भोसरीतला अभ्यास

या विषयातले एक महत्त्वाचे संशोधन रहाटणीपासून फार दूर झालेले नाही. १९९२ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था, म्हणजे ‘नारी’, स्थापन केली. ती पिंपरी-चिंचवडच्याच हद्दीत, भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत आहे. (अलीकडे संस्थेचे नाव बदलले आहे.) एचआयव्हीची लाट वेगाने चढत होती ते दिवस. पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत येणाऱ्या रुग्णांवर या संस्थेने अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठासोबत दीर्घ अभ्यास केला.

मे १९९३ ते एप्रिल २००० या काळात, एचआयव्हीची लागण नसलेल्या २,७३२ रुग्णांची नोंदणी झाली आणि त्यांची ठरावीक काळाने तपासणी होत राहिली. नोंदणीच्या वेळीच त्यांतल्या ४३ टक्के लोकांच्या रक्तात एचएसव्ही-२ च्या खुणा होत्या. गुप्तरोग दवाखान्यात येणाऱ्यांचा हा आकडा आहे, सगळ्या शहराचा नव्हे, हे ध्यानात ठेवायला हवे. पण खरा निष्कर्ष पुढचा होता. ज्यांना एचएसव्ही-२ ची लागण नुकतीच झाली होती त्यांना एचआयव्ही होण्याचा धोका, हर्पीस नसलेल्यांच्या तुलनेत, जवळपास पावणेचार पट होता. जुना संसर्ग असलेल्यांनाही धोका जास्त होता, पण इतका नव्हे. हा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगभर त्याचे दाखले दिले गेले.

असे का होते? फोड फुटला की कातडीत दार उघडते, हे उघड कारण. दुसरे कारण कमी माहितीचे आहे. हर्पीसशी लढण्यासाठी शरीर त्या जागी ज्या पांढऱ्या पेशी धाडते, त्याच पेशी एचआयव्हीचे भक्ष्य असतात. जखम वरून भरल्यावरही त्या पेशी तिथे कित्येक आठवडे मुक्काम ठोकून राहतात. म्हणजे शत्रूला हवे तेच सैन्य दाराशी उभे. हर्पीसचे औषध रोज दिले तर एचआयव्ही टळेल, अशी आशा त्यातून निर्माण झाली होती. पण २००८ आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचण्यांत ती फोल ठरली. म्हणून जननेंद्रियावर कोणताही व्रण झाला की एचआयव्हीची तपासणी करून घेणे, हाच व्यवहार्य मार्ग उरतो.

नारीच्याच डॉ. रमण गंगाखेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवून दिली. पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत आलेल्या, देहविक्रय न करणाऱ्या ३९१ स्त्रियांपैकी १३.६ टक्के स्त्रियांना एचआयव्हीची लागण झालेली होती आणि त्यांतल्या बहुतेकींचा नवऱ्याखेरीज कुणाशीही संबंध आलेला नव्हता. एचआयव्हीचे चित्र त्यानंतर पुष्कळ बदलले. पण संसर्ग घरात कोणत्या वाटेने शिरतो आणि त्याची झळ कुणाला बसते, याबाबत तो अभ्यास आजही शिळा झालेला नाही.

पहिली खेप आणि पुढच्या

संसर्ग झाल्यापासून साधारण दोन ते बारा दिवसांत पहिली खेप येऊ शकते. ती आली तर जोरात येते. ताप, अंगदुखी, जांघेत गाठी, मग लालसर कातडीवर बारीक फोडांचे पुंजके. ते फुटून दुखरे, उथळ व्रण होतात. भरून यायला दोन ते चार आठवडे लागतात. बायकांना लघवी करताना इतकी आग होते की काही जणी लघवी धरून ठेवतात आणि कधी ती अडकतेही. अशा वेळी कोमट पाण्याच्या टबात बसून लघवी केली तर त्रास कमी होतो.

इथे एक चूक वारंवार घडते. बाई सांगते, ‘उन्हाळी लागलीय.’ तपासणी न करता मूत्रमार्गाचा संसर्ग समजून प्रतिजैविकांच्या गोळ्या दिल्या जातात. काही ठिकाणी तपासायला स्त्री डॉक्टर नसते, काही ठिकाणी पडदाही नसतो, आणि सासू किंवा नवरा सोबत असतो. गोळ्या संपतात तोवर व्रणही सुकलेले असतात. व्रण गर्भाशयाच्या मुखावर आतमध्ये असतील तर दिसतही नाहीत. अंगावरून पाणी जाते इतकेच कळते.

पहिली खेप ओसरली की विषाणू शरीर सोडत नाही. तो मज्जातंतूंच्या वाटेने वर चढतो आणि कण्याच्या खालच्या टोकाजवळच्या मज्जापेशींत झोपी जातो. तिथे ना औषध पोहोचते ना शरीराची प्रतिकारशक्ती. ताप, आजारपण, पाळी, घर्षण अशी काही निमित्ते मिळाली की तो त्याच वाटेने खाली उतरतो. रात्रपाळी आणि अपुरी झोप यांनी फोड येतात, असे चाकण-तळवड्याचे कामगार हटकून सांगतात. ठोस पुरावा तुटपुंजा असला तरी रुग्णाचा अनुभव झटकून टाकण्याजोगा नाही. पुढच्या खेपा सौम्य असतात, पाच ते दहा दिवसांत आटोपतात. फोड येण्याआधी काही तास ते एक-दोन दिवस त्या जागी मुंग्या, टोचल्यासारखे, कधी मांडीत किंवा ढुंगणात कळ येते. ही आगाऊ सूचना ओळखता येणे फार उपयोगाचे, कारण औषध तेव्हाच सुरू करायचे असते आणि संबंध तेव्हापासूनच थांबवायचे असतात. एचएसव्ही-२ च्या खेपा पहिल्या वर्षी साधारण चार-पाच येतात आणि वर्षागणिक कमी होत जातात. एचएसव्ही-१ जननेंद्रियावर आला तर वर्षात एखादीच, पुढे बहुधा तीही नाही.

दर वेळी त्याच जागी येणारा प्रत्येक चट्टा हर्पीसच असतो असेही नाही. डोकेदुखीची, जुलाबाची किंवा प्रतिजैविकाची एखादी ठरावीक गोळी घेतली की काहींना जननेंद्रियावर नेमक्या त्याच ठिकाणी चट्टा उठतो, फोडही येतो. ही औषधाची ॲलर्जी असते आणि मागे काळपट डाग राहतो. असे कित्येक जण वर्षानुवर्षे हर्पीसचे औषध घेत आणि अपराधी वाटून घेत असतात. व्रण येण्याआधी कोणती गोळी घेतली होती, एवढा एक प्रश्न पुरतो. खाटेच्या भाड्यावर, म्हणजे ‘कॉट बेसिस’वर, एका खोलीत पाच-सहा जण राहतात तिथे खरजेचे पुटकुळेही त्याच जागी येतात, पण ती खाज रात्री वाढते आणि खोलीतल्या सगळ्यांना असते.

‘कुणाकडून आला?’

दवाखान्यात सर्वांत अवघड क्षण फोड तपासण्याचा नसतो, त्यानंतरच्या या प्रश्नाचा असतो. लग्नाला सहा वर्षे झालेल्या बाईला पहिल्यांदा फोड आले. नवरा कंपनीच्या कामासाठी मध्ये चार महिने बाहेरगावी होता. किंवा उलट : नवरा रहाटणीत मित्रांसोबत खोली करून राहत होता, बायको गावी होती, आता संसार इकडे आणला आणि महिन्याभरात त्याला फोड. दोघेही मनातल्या मनात हिशेब मांडू लागतात आणि हिशेब नेमका चुकतो.

वैद्यकशास्त्राचे उत्तर स्पष्ट आहे. पहिल्यांदा फोड दिसणे म्हणजे लागण नुकतीच झाली, असे नाही. लागण काही वर्षांपूर्वी, लग्नाआधीही झालेली असू शकते आणि विषाणू इतका काळ गप्प बसलेला असू शकतो. ज्याच्याकडून आला त्यालाही आयुष्यात एकही फोड आलेला नसेल. रक्ततपासणीतून लागण कधी झाली आणि कुणाकडून झाली, यांपैकी काहीही ठरवता येत नाही. आणि एचएसव्ही-१ च्या बाबतीत तर, नवऱ्याच्या ओठावर लहानपणापासून येणारा फोड हेच बायकोच्या जननेंद्रियावरच्या हर्पीसचे कारण असू शकते. त्यात परक्या व्यक्तीचा संबंध यायचे कारणच नाही. हर्पीसचा अहवाल हा बाहेरख्यालीपणाचा पुरावा नाही. तो पुरावा मानून माहेरी पाठवलेल्या बायका आणि मोडलेल्या सोयरिकी यांची मोजदाद कुठल्याच नोंदवहीत होत नाही.

याचा अर्थ डॉक्टरांनी सगळ्यांवर पांघरूण घालावे असा नाही. बाहेर संबंध आले असतील तर ते सांगितलेच पाहिजेत, कारण त्यावरून एचआयव्ही, सिफिलीस, कावीळ-ब यांच्या तपासण्या ठरतात. पण ते डॉक्टरला, एकांतात. सोबत आलेल्या मेव्हण्यासमोर नव्हे. नवरा-बायकोने एकत्र यावे, आधी दोघांशी वेगवेगळे आणि मग एकत्र बोलणे व्हावे, हे सर्वांत चांगले. सरकारी केंद्रांतले समुपदेशक याच कामासाठी असतात आणि त्यांच्याकडे डॉक्टरांपेक्षा जास्त वेळही असतो.

कोणती तपासणी, कोणती नको

ताजा फोड असेल तर अनुभवी डोळ्यांना बहुधा पुरेसे असते. खात्री हवी असेल तर फोडातल्या द्रवाचा किंवा व्रणाच्या तळाचा नमुना घेऊन पीसीआर तपासणी करतात. ती विषाणूचा प्रकारही सांगते. व्रण सुकल्यावर मात्र हातात काही लागत नाही. म्हणून फोड आल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांतच यावे, आणि येताना त्यावर मलम, हळद, चुना काहीही लावू नये.

रक्ताच्या तपासणीबाबत सावध राहायला हवे. ‘संपूर्ण गुप्तरोग पॅकेज’ म्हणून विकल्या जाणाऱ्या तपासण्यांत हर्पीसच्या आयजीएम आणि आयजीजी दोन्ही असतात. आयजीएमचा निदानाला उपयोग नाही. ती जुन्या संसर्गातही वाढते आणि संसर्ग नसतानाही कधी कधी ‘पॉझिटिव्ह’ येते. प्रकारानुसार होणारी आयजीजी बरी, पण लागणीनंतर ती दिसायला बारा आठवड्यांपर्यंत लागू शकतात आणि आकडा कमी असेल तर तीही चुकीची ‘पॉझिटिव्ह’ असू शकते. त्यामुळेच लक्षणे नसलेल्या माणसांची हर्पीससाठी सरसकट रक्ततपासणी करू नये, असा सल्ला अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कृती दलाने २०१६ मध्ये दिला आणि २०२३ मध्ये तोच कायम ठेवला. लग्नाआधी एचआयव्हीची तपासणी जरूर करावी. हर्पीसची आयजीएम करून ठरलेले लग्न मोडणे हा शुद्ध वेडेपणा.

कोणत्याही व्रणाबरोबर सिफिलीसची, म्हणजे व्हीडीआरएल, आणि एचआयव्हीची तपासणी मात्र टाळू नये. १९९० च्या दशकात पुण्यातच जननेंद्रियाचे व्रण असलेल्या ३०२ रुग्णांचा अभ्यास झाला होता. त्यांत सुमारे चौथा हिस्सा हर्पीसचा निघाला, जवळपास तितकाच शँक्रॉइडचा, दहा टक्के सिफिलीसचा, आणि एक तृतीयांश रुग्णांत प्रयोगशाळेलाही कारण सापडले नाही. नुसत्या नजरेवर विसंबण्याची मर्यादा त्यातून कळते.

औषध काय करते

अ‍ॅसायक्लोव्हिर हे हर्पीसवरचे मुख्य औषध. ज्या गर्ट्रूड एलियन यांच्या संशोधनातून असे औषध शक्य झाले, त्यांना १९८८ चे वैद्यकाचे नोबेल दोघा शास्त्रज्ञांसोबत मिळाले. गोळी विषाणूची वाढ थांबवते, मज्जातंतूत झोपलेल्या विषाणूला मात्र मारत नाही. म्हणून ‘मुळापासून घालवतो’ असे सांगणारा कुणीही खोटे बोलतो आहे असे समजावे. भिंतींवर आणि मुताऱ्यांमध्ये गुप्तरोगाच्या इलाजाच्या ज्या जाहिराती चिकटवलेल्या दिसतात, त्यांना १९५४ च्या कायद्यानेच बंदी आहे. तरी त्या दिसतात आणि त्यांच्यापायी कामगारांचा महिन्याचा पगार जातो.

पहिल्या खेपेला ४०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीनदा, सात ते दहा दिवस, आणि शक्य तितक्या लवकर. पुढच्या खेपांत ती मुंग्या आल्या त्याच दिवशी सुरू केली तर खेप लहान होते, तीन दिवसांनी सुरू केली तर फारसा फायदा नाही. वर्षात सहा किंवा जास्त खेपा येत असतील तर रोज दोन गोळ्या असा दीर्घ उपचार देतात. खेपा ७० ते ८० टक्क्यांनी कमी होतात. भट्टीजवळ, पेंटशॉपमध्ये घाम गाळणाऱ्यांनी औषध चालू असताना पाणी भरपूर प्यावे आणि मूत्रपिंडाचा त्रास असेल तर तसे आधीच सांगावे. अ‍ॅसायक्लोव्हिरच्या मलमाचा जननेंद्रियाच्या हर्पीसमध्ये नगण्य उपयोग होतो. स्टिरॉइडच्या मलमाने नुकसानच.

लस अजून नाही. २०१२ मध्ये एका मोठ्या चाचणीत लस एचएसव्ही-२ रोखू शकली नाही. नंतरचे प्रयत्न अद्याप यशस्वी झालेले नाहीत.

दुसऱ्याला होऊ नये म्हणून

विषाणू कातडीला कातडी घासून पसरतो. शरीराबाहेर तो फार टिकत नाही. दहा जणांच्या सामाईक संडासातून, पोहण्याच्या तलावातून, पाण्याच्या पेल्यातून, खाटेवरच्या चादरीतून जननेंद्रियाचा हर्पीस होत नाही. ‘खोलीवरचा संडास घाण आहे, तिथूनच लागले’ हे कारण सोयीचे असले तरी खरे नाही, आणि त्यामुळे निष्पाप सोबत्याला खोलीबाहेर काढण्याचेही कारण नाही. फोडांना हात लागला तर मात्र हात साबणाने धुवावेत, विशेषतः पहिल्या खेपेत. तोच हात डोळ्याला लागला तर डोळ्याचा हर्पीस होऊ शकतो आणि तो दृष्टीवर बेतू शकतो.

फोड किंवा मुंग्या असताना, आणि खपली पडून कातडी पूर्ववत होईपर्यंत, संबंध पूर्ण बंद. कंडोम घालूनही नाही. एवढे पाळले तर बराच धोका टळतो, पण सगळा नाही. कारण फोड नसतानाही विषाणू अधूनमधून कातडीवर उतरतो. २०११ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एचएसव्ही-२ ची लक्षणे येऊन गेलेल्यांच्या जननेंद्रियावर सुमारे २० टक्के दिवशी आणि कधीच लक्षणे न आलेल्यांच्या सुमारे १० टक्के दिवशी विषाणू सापडला. ‘आता काही दिसत नाही, म्हणजे चालेल’ हा हिशेब इथे फसतो.

म्हणून एरवी कंडोम. तो झाकतो तेवढ्याच भागाचे रक्षण करतो, वृषणाच्या पिशवीवर किंवा मांडीवर व्रण असेल तर नाही. तरी पुरुषाकडून स्त्रीकडे जाणारा संसर्ग तो चांगलाच घटवतो. तिसरा उपाय रोजच्या गोळीचा. एकाला संसर्ग आणि दुसऱ्याला नाही अशा १,४८४ जोडप्यांवर झालेल्या आणि २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, व्हॅलॅसायक्लोव्हिरची ५०० मिलिग्रॅमची रोज एक गोळी घेतल्याने जोडीदाराला लागण होण्याचे प्रमाण जवळपास निम्म्याने घटले. आठ महिन्यांत गोळी न घेणाऱ्यांच्या जोडीदारांपैकी ३.६ टक्के लोकांना लागण झाली, घेणाऱ्यांच्या १.९ टक्के. या आकड्यांत एक दिलासाही दडलेला आहे : गोळी नसतानाही शंभरातल्या शहाण्णवांहून अधिक जोडीदारांना त्या काळात काही झाले नाही. त्या जोडप्यांना मात्र काळजी कशी घ्यायची ते सांगितलेले होते आणि एकमेकांपासून काही लपवलेले नव्हते.

हे न लपवणेच आपल्याकडे अवघड जाते. र. धों. कर्वे यांनी ‘गुप्तरोगांपासून बचाव’ हे पुस्तक १९२० च्या दशकात लिहिले, आणि शंभर वर्षांनंतरही नवरा-बायको या विषयावर बोलायला दवाखान्याच्या जिन्यात उभे राहतात. सांगायचे असेल तर फोड असताना, घाबरलेल्या अवस्थेत सांगू नये. निदान पक्के झाल्यावर, माहिती हाती आल्यावर, संबंधांआधी सांगावे.

बाळंतपण माहेरी असेल तर

गरोदरपणात हर्पीसला वेगळे वजन येते. आईला आधीपासून हर्पीस असेल तर तिच्या रक्तातली प्रतिपिंडे बाळाकडे जातात आणि बाळाला लागण होण्याचा धोका एक टक्क्याहूनही कमी असतो. खरा धोका पहिली लागण गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत झाली तर. तेव्हा नैसर्गिक प्रसूतीत बाळाला लागण होण्याची शक्यता ३० ते ५० टक्के असते. नवजात बाळाचा हर्पीस क्वचित होतो, पण झाला तर मेंदूपर्यंत जातो आणि उपचाराविना अनेक बाळे दगावतात. म्हणून नवऱ्याला हर्पीस असेल आणि बायकोला नसेल, तर शेवटचे तीन महिने संबंध टाळावेत, मुखमैथुनही.

आईला हर्पीस असल्यास ३६ व्या आठवड्यापासून अ‍ॅसायक्लोव्हिर सुरू करतात. कळा सुरू होताना फोड किंवा मुंग्या असतील तर सिझेरियन, नसतील तर नैसर्गिक प्रसूती होऊ शकते. इथे आपली रीत आड येते. गरोदरपणातली सगळी तपासणी पिंपरी-चिंचवडमध्ये होते आणि सातव्या-आठव्या महिन्यात मुलगी लातूरला, बीडला, जळगावला माहेरी जाते. तिथल्या डॉक्टरांना हर्पीसचे कुणी सांगत नाही, कारण सोबत आई असते. ही माहिती कागदावर लिहून घ्यावी आणि तो कागद मुलीने स्वतः तिथल्या डॉक्टरांच्या हाती द्यावा. स्तनावर फोड नसतील तर अंगावर पाजायला हरकत नाही. आणि बारशाला आलेल्या ज्या कुणाच्या ओठावर फोड असेल, मग ती आत्या असो की आजोबा, त्यांनी बाळाची पापी घेऊ नये.

कुठे जावे

राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात जिल्हा रुग्णालये आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत ‘सुरक्षा क्लिनिक’ चालतात. तिथे तपासणी, समुपदेशन आणि औषध मोफत असते. औषधांची पाकिटे रंगांनी ओळखली जातात. हर्पीसचे पाकीट पाच क्रमांकाचे, लाल. रहाटणीकरांना संत तुकारामनगरमधले महापालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आणि औंधचे जिल्हा रुग्णालय जवळ पडते. केसपेपर काढताना खिडकीवर ‘त्वचा विभाग’ एवढे म्हटले तरी चालते. बाकीचे आत सांगायचे असते. बाईने स्त्री डॉक्टर मागितली किंवा तपासताना परिचारिका हजर असावी असे म्हटले तर तो तिचा हक्क आहे. कुणाशी तोंडावर बोलायची हिंमत होत नसेल तर १०९७ ही मोफत हेल्पलाइन आहे, तिथे नाव सांगावे लागत नाही. येताना आधी वापरलेल्या ट्यूबा आणि गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून आणावीत, रिकामी झालेलीसुद्धा.